डायनॅमो बर्लिनची १० विजेतेपदं आणि लाइपझिगची ती पेनल्टी

गोलपोस्टमागचा

परवा दुसऱ्या एका चर्चेत कुणीतरी सहज लिहून गेलं, "पूर्व जर्मनीची लीग? ती स्टासीच्या कचेरीतच ठरायची." (स्टासी म्हणजे तिथलं गुप्तहेर खातं.) बरीच वर्षं मीही हेच म्हणत आलोय. आता तितक्या ठामपणे म्हणवत नाही, म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बीएफसी डायनॅमो हा पूर्व बर्लिनचा क्लब. १९७९ ते १९८८ अशी सलग १० वर्षं त्याने ओबरलिगा, म्हणजे तिथली अव्वल लीग, जिंकली. डायनॅमो ही पोलिसांची आणि गुप्तहेर खात्याची क्रीडासंस्था. तिचा अध्यक्ष एरिश मीलके, आणि तोच स्टासीचा मंत्री. थोडक्यात, सरकारी जावई.

आता १९८५-८६चा हंगाम बघा. १४ संघ, प्रत्येकी २६ सामने, विजयाला २ गुण. २२ मार्च १९८६ला लाइपझिगच्या ब्रुनो प्लाखे स्टेडियमवर लोकोमोटिव लाइपझिग डायनॅमोविरुद्ध १-० ने पुढे होतं. ९० मिनिटं उलटली तरी पंच बेर्न्ड श्टुम्फ सामना संपवेनात. शेवटी शिट्टी वाजली ती पेनल्टीची. फ्रांक पास्टोरने गोल केला, १-१. त्यावर एवढा गदारोळ उठला की ज्या देशात सरकारविरुद्ध ब्र काढायची सोय नव्हती, तिथल्या फुटबॉल संघटनेला पंचावर बंदी घालावी लागली. 'लाइपझिगची लाजिरवाणी पेनल्टी' हे नाव तिला चिकटलं ते कायमचं.

आणि २००० साली टीव्हीवर त्या क्षणाचं दुसऱ्या कोनातलं चित्रण दाखवलं गेलं. त्यात लोकोमोटिवचा हान्स रिश्टर डायनॅमोच्या बेर्न्ड शुल्त्सला दोन्ही हातांनी ढकलताना दिसतो. म्हणजे पेनल्टी बरोबर होती! सगळ्या बदनामीचा कळस मानलेला निर्णयच योग्य निघाला, आणि शिक्षा झाली ती योग्य निर्णय देणाऱ्याला.

माझं म्हणणं एवढंच, की संघ मुळातच तगडा होता. १९८० साली युरोपियन कपमध्ये (देशोदेशीच्या विजेत्या क्लबांची स्पर्धा) याच डायनॅमोने इंग्लंडच्या गतविजेत्या नॉटिंगहॅम फॉरेस्टला त्यांच्या घरी जाऊन १-० हरवलं. (परतीच्या सामन्यात बर्लिनला १-३ मार खाल्ला, ते वेगळं.) तिथला पंच काही मीलकेच्या खिशात नव्हता. ही १० विजेतेपदं सरसकट पुसून टाकणं मला पटत नाही.

खडूस_काका

एक पेनल्टी बरोबर निघाली म्हणून १० वर्षं धुऊन निघतात? रोज वजनात मारणाऱ्या वाण्याने एक दिवस माप बरोबर घातलं आणि नेमकं त्याच दिवशी गिऱ्हाइकाने भांडण काढलं, यात गिऱ्हाइकाचं काय चुकलं?

१९८५ची कप फायनल विसरलात वाटतं. ड्रेस्डेन वि. डायनॅमो बर्लिन. त्या सामन्याचं चित्रण संघटनेनं स्वतः पुन्हा तपासलं, पंचाच्या चुका बर्लिनच्या पथ्यावर पडणाऱ्या निघाल्या आणि त्याच्यावर कारवाई झाली. हे पश्चिमेकडच्या पत्रकारांचं म्हणणं नाही, त्यांच्याच संघटनेचं आहे.

आणि मीलकेने फोन केला होता का, हा प्रश्नच भाबडा आहे. त्या देशात पंचाला आंतरराष्ट्रीय सामन्याला बाहेर जायचं तर देशाबाहेर पडायची मंजुरी लागायची. त्या मंजुरीआधी माणसाची छाननी करायची ती स्टासी. आता ३०व्या मिनिटाला ऑफसाइडचा झेंडा वर करायचा की नाही, हे ठरवताना त्याच्या डोक्यात काय येत असेल? फोन कशाला हवा?

कोकणी_मासा

त्या ड्रॉने विजेतेपदाचा निकाल बदलला का, एवढंच सांगा. बाकी सावकाश वाचतो.

गोलपोस्टमागचा

@कोकणी_मासा, शेवटी डायनॅमो ३४ गुण, लोकोमोटिव ३२. तो सामना लोकोमोटिव जिंकलं असतं तर ३३-३३. पण ८ फेऱ्या बाकी होत्या हो, त्या तशाच झाल्या असत्या असं थोडंच आहे.

लेफ्ट_आऊट

तुम्ही दोघं शिट्टीवरून भांडताय. खरी लूट मैदानाबाहेर झाली.

१९५४मध्ये डायनॅमो ड्रेस्डेनचा (त्याच संस्थेचा ड्रेस्डेन शहरातला क्लब) अख्खा संघ उचलून बर्लिनला नेला. देशात विजेता ठरलेला संघ! राजधानीत दणकट क्लब नाही, तर दुसऱ्या शहरातून आणा. पुढे याला रीतसर रूप आलं. चांगला पोरगा दिसला की वरून ठरणार तो कुठल्या क्लबात जायचा. बदली म्हणा ना, आपल्याकडे तलाठ्याची होते तशी. डायनॅमोची प्रशिक्षण केंद्रं देशभर होती, त्यामुळे वेचणी करायला पहिला हात त्यांचा.

ड्रेस्डेनवाल्यांचं नशीब तर बघा. १९७६, ७७, ७८ तीन वर्षं तेच विजेते. जानेवारी १९८१मध्ये दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्याला निघताना शोनेफेल्ड विमानतळावर त्यांच्या तीन खेळाडूंना धरलं: वेबर, कोटे, म्युलर. संशय पळून जाण्याच्या बेताचा. कोटे आणि म्युलरचा बेत नव्हताच, कळूनही सांगितलं नाही हा त्यांचा गुन्हा. दोघांना वरच्या दर्जाचं फुटबॉल कायमचं बंद. मधल्या फळीतला आणि पुढच्या फळीतला माणूस असा एका सकाळी गायब झाला, तर समोरच्या संघाला पेनल्टीची गरजच काय?

म्हणून संघ तगडा होता हे मलाही मान्य आहे. तगडा कसा झाला ते विचारा.

गोलपोस्टमागचा

@लेफ्ट_आऊट, मुद्दा जबरदस्त आहे. पण हीच कात्री डायनॅमोलाही लागली. त्यांचा खेळाडू लुट्झ आयगेनडॉर्फ १९७९च्या मार्चमध्ये पश्चिम जर्मनीत गेला तो तिथेच राहिला. १९८३मध्ये ब्राउनश्वाइगला मोटार अपघातात गेला. त्यात स्टासीचा हात असल्याचा संशय आजही घेतला जातो, सिद्ध झालेलं नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात पार्टिझानशी खेळायला संघ बेलग्रेडला गेला, खेळाडूंना बाजारात फिरायला सोडलं, तर फाल्को ग्योट्स आणि डिर्क श्लेगेल रेकॉर्डच्या दुकानातून मागच्या दाराने सटकले, ते थेट पश्चिम जर्मनीच्या दूतावासात. त्या संध्याकाळी ग्योट्सच्या जागी १८ वर्षांच्या पोराला उतरवलं. तो आंद्रेआस थोम. भिंत पडल्यावर पूर्वेतून बुंडेसलिगात, म्हणजे पश्चिम जर्मनीच्या अव्वल लीगमध्ये, गेलेला पहिला खेळाडू तोच. डायनॅमोने पार्टिझानला बाद केलं आणि युरोपियन कपची उपांत्यपूर्व फेरी गाठली. ही ताकद शिट्टीतून येत नाही.

खडूस_काका

मग १९८८चं ब्रेमेन पण सांगा की. त्याच युरोपियन कपमध्ये घरी पश्चिम जर्मनीच्या वेर्डर ब्रेमेनला ३-० हाणलं, तिकडे जाऊन ०-५ खाल्ले. बडा घर पोकळ वासा.

बर्लिनची_पाहुणी

इथे राहून सात वर्षं झाली. एकदा नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाने होहेनशोनहाउझेनला डायनॅमोच्या मॅचला नेलं. आता क्लब खालच्या दर्जाच्या लीगमध्ये खेळतो. पाऊस, ब्रेडमध्ये न मावणारा सॉसेज, आणि शेजारी सत्तरीचे आजोबा. त्यांच्या मफलरवर एक तारा, ताऱ्यात १० हा आकडा.

माझं जर्मन बेताचंच, तरी विचारलं, लोक म्हणतात ते खरं का? त्यांनी सॉसेज संपवला, बोटं पुसली आणि म्हणाले, मी कंपोझिटर होतो, स्टासीत नव्हतो. संघ घराजवळचा होता म्हणून यायचो. दुसऱ्या शहरात सामन्याला गेलं की सगळं मैदान अंगावर यायचं. "मीलकेला कोणी शिव्या देऊ शकत नव्हतं, म्हणून आम्हाला द्यायचे."

माझ्या शेजारीण बाई लाइपझिगच्या. त्यांना ही गोष्ट सांगितली तर एवढंच म्हणाल्या, "द्यायच्याच होत्या."

लेफ्ट_आऊट

श्टुम्फवरच्या बंदीचंही हेच ना? मीलकेला हात लावता येत नाही, मग पंचाला धरा. सुक्याबरोबर ओलं जळालं. माणूस त्या दिवशी बरोबर होता आणि ते दिसायला १४ वर्षं लागली.

खडूस_काका

पंचाची माफी मागा, माझी हरकत नाही. ताऱ्यातला १० मात्र मी मोजणार नाही.

गोलपोस्टमागचा

काका, तुम्ही दाखला दिलेली १९८५ची फायनल ड्रेस्डेनने जिंकली. ३-२. पंच विरोधात असताना.

खडूस_काका

जिंकली की. एका दुपारपुरतं पंचासकट हरवता येतं. लीगमध्ये तेच २६ वेळा करून दाखवा.

गोलपोस्टमागचा

ठीक आहे, मग २६चंच बोलू. १९८२-८३मध्ये डायनॅमो २६पैकी एकही सामना हरलं नाही. एकही नाही. हे सगळे पंचांनी दिले?

खडूस_काका

अहो, हाच तर माझा पुरावा आहे, तुम्ही कुठे वापरताय?