एन्ट्रीची टाळी नेमकी कोणाला असते?

रंगयात्री
मी पूर्वीपासून नाटकांत कामे करतो. अलीकडे एका मालिकेमुळे माझा चेहरा घरोघरी पोहोचला आणि तेव्हापासून, मी एकही वाक्य बोललेलो नसताना, रंगमंचावर पाऊल ठेवताच टाळ्या पडतात. त्या प्रेमाचे मोल मी जाणतो. परंतु नेमक्या त्या क्षणी माझे पात्र मुलाच्या मृत्यूची बातमी घेऊन घरात शिरत असते आणि टाळ्या ओसरेपर्यंत मला दारातच थांबावे लागते. पुढचा बराच वेळ प्रेक्षक त्या बापाकडे पाहत आहेत की माझ्याकडे, हेच उमगत नाही. अशा वेळी नटाने काय करावे?

विंगेतला
टाळी थांबवणे आपल्या हातात नसते, ती स्वीकारायची की नाही हे मात्र असते. डोळ्यांच्या कोपऱ्यातूनही तिची दखल घेतली, तर त्या क्षणी बाप संपतो आणि नट उरतो. दारात थांबावे लागलेच, तर ते थांबणे त्या बापाचे होऊ द्या. ही बातमी बायकोला कशी सांगावी, या विचाराने त्याचे पाऊल अडले आहे. नजर सहकलाकारावरून हलू देऊ नका. शिवाय दिग्दर्शकाशी बोलून पाहा: विंगेतून आधी आवाज आला किंवा पाठमोरी, मंद प्रकाशातली एन्ट्री ठेवली, तर चेहरा ओळखू येईपर्यंत प्रसंगाने पकड घेतलेली असते.

जुना वाचक
नाट्यशास्त्राच्या २७व्या अध्यायात प्रयोगाच्या यशाचे दोन प्रकार सांगितले आहेत. स्मित, मोठा हशा, ‘साधु’ किंवा ‘अहो’ असे उद्गार, अंगावरचे रोमांच ही मानुषी सिद्धी. आणि प्रेक्षागृह भरलेले असूनही जिथे आवाज नाही, चुळबुळ नाही, ती दैवी सिद्धी. आपल्या प्रश्नाचे उत्तर मला इथेच सापडते. एन्ट्रीची टाळी कोणाला होती याचा शोध घेण्यापेक्षा, बातमी सांगून झाल्यावर खोकल्याचे आवाज थांबतात का, याकडे लक्ष द्यावे.

मृण्मयी
मला थोडी वेगळी बाजू मांडायची आहे. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या संशोधकांनी १९५६ साली मांडले होते की, पडद्यावर नियमित दिसणाऱ्या व्यक्तीशी प्रेक्षकाचे एकतर्फी, पण खऱ्या ओळखीसारखे नाते जुळते. क्लोजअपमध्ये रोज आपला चेहरा पाहणाऱ्या माणसाला आपण परके वाटतच नाही, त्यामुळे त्याची टाळी म्हणजे ओळखीच्या माणसाचे स्वागत असते. त्यांतले काही जण तर केवळ आपल्यामुळे पहिल्यांदाच नाटकाला आले असतील. त्यांना अडथळा मानू नये, असे मला कळकळीने वाटते.

रंगयात्री
सर्वांचे मनःपूर्वक आभार. ते थांबणे बापाचेच असू शकते, हे मला सुचले नव्हते. पुढच्या प्रयोगाआधी दिग्दर्शकांशी आणि पत्नीची भूमिका करणाऱ्या सहकलाकाराशी बोलून एवढ्या भागाची तालीम करून पाहतो, कारण मी दारात थांबलो की तिलाही तेवढा वेळ रंगमंचावर जगावाच लागतो.