ऐंशीच्या दशकातले इटालियन भयपट: काय बघावं, कोणती प्रत लावावी, कुठे फसायला होतं?

हौशी प्रेक्षक (धागाकर्ती):
अधूनमधून, शनिवारी रात्री वगैरे भयपट लावणाऱ्यांसाठी हा धागा. आर्जेन्तो, फुल्ची, लाम्बेर्तो बावा, सोआवी या मंडळींच्या चित्रपटांबद्दल दोनच प्रकारची मतं ऐकू येतात, 'काय भिकार आहे' किंवा 'काय भन्नाट आहे', आणि दोन्ही बहुधा एकाच चित्रपटाबद्दल असतात. कथेला शेंडा-बुडखा नाही, ओठ एकीकडे नि आवाज दुसरीकडे, आणि तरी एखादं दृश्य डोक्यातून जात नाही. असं का, ते जाणकारांनी सांगावं. 'आम्ही लहानपणी चादरीत डोकं खुपसून...' छापाच्या आठवणी नकोत. चित्रपट, आवृत्ती, भाषा, काय बिघडतं आणि का, एवढंच लिहा.

माझं मत आधी टाकते. नवख्याने आर्जेन्तोच्या 'तेनेब्रे'पासून (1982) सुरुवात करावी. नावाचा अर्थ अंधार, आणि चित्रपट लख्ख उजेडात! रोमच्या युर भागातल्या पांढऱ्या सपाट इमारती, दिवसाढवळ्या खून. भुतंखेतं नाहीत, काळ्या हातमोज्यांचा खुनी आहे, त्यामुळे गोष्ट निदान हातात राहते.

फिरती रिळं:
'तेनेब्रे'ला अनुमोदन. त्यातला घराबाहेरचा तो एकसलग शॉट बघताना खिडक्या मोजत जा. कॅमेरा एका खिडकीशी सुरू होतो, भिंतीवरून वर चढतो, कौलांवरून सरपटत पलीकडे उतरतो. सुमारे अडीच मिनिटं, आणि त्यासाठी तीन दिवस लागले होते. लुमा क्रेनवर कॅमेरा टोकाला आणि छायाचित्रकार खाली छोट्या टीव्ही-पडद्यासमोर असतो, म्हणून तो इतक्या अडचणीत शिरू शकला. कथेच्या दृष्टीने या शॉटचं काम शून्य. खुनी त्या वाटेने जातही नाही. तरीही घर सगळ्या बाजूंनी उघडं आहे हे अंगावर येतं. कथा शोधत बसलात तर हा शॉट 'उगाच' वाटेल.

अमेरिकेत हा 'अनसेन' नावाने सुमारे दहा मिनिटं कापून निघाला होता. ती प्रत हाती आली तर बाजूला ठेवा. पूर्ण लांबी 101 मिनिटं.

डबिंगवाला:
ओठ जुळत नाहीत म्हणून इंग्रजी बंद करून 'मूळ' इटालियन लावणारे हमखास फसतात. तिकडे त्या काळी चित्रीकरणाच्या वेळचा आवाज बहुतेक वापरतच नसत. सेटवर इंग्रज नट इंग्रजीत बोलायचा, इटालियन नट इटालियनमध्ये, आणि नंतर स्टुडिओत सगळेच आवाज नव्याने भरले जायचे. इटालियन प्रतीसाठी वेगळे, निर्यातीच्या इंग्रजी प्रतीसाठी वेगळे. तेव्हा मूळ आवाज ही चीजच नाही.

मग निवडायचं कसं? पहिली दहा मिनिटं मुख्य नटांचे ओठ बघा. 'द बियॉन्ड'मध्ये (1981) कॅट्रिओना मॅकॉल आणि डेव्हिड वॉरबेक इंग्रजीतच बोलतायत, तिथे इंग्रजी लावा. 'तेनेब्रे'त अँथनी फ्रान्सिओसा आणि जॉन सॅक्सन, तिथेही तेच. बाकीच्यांचे ओठ हलोत कसेही.

सबटायटल्समध्ये आणखी एक खड्डा. पुष्कळ डिस्कवर इंग्रजी अक्षरं म्हणजे इंग्रजी डबिंगचीच नक्कल असते, इटालियन संवादांचं भाषांतर नसतं. इटालियन आवाज आणि ही अक्षरं एकत्र लावली की पात्र चार शब्द बोलतं आणि खाली दोन ओळी येतात. इटालियन ऐकायचं तर त्या आवाजासाठी वेगळं भाषांतर दिलंय का, ते आधी तपासा.

या पद्धतीचा फायदाही झाला. सेटवर आवाज टिपायचा नसल्याने क्रेन कुरकुरली काय नि दिग्दर्शक मागून ओरडला काय, फरक पडत नव्हता. म्हणून यांचे कॅमेरे एवढे मोकाट. पावलं, दारं, श्वास सगळं नंतर भरलेलं, त्यामुळे ते गरजेपेक्षा जवळून ऐकू येतं. अस्वस्थतेचा निम्मा भाग तिथूनच येतो.

सातवं दार:
फुल्चीबद्दल सविस्तर लिहावंच लागेल, कारण सगळ्यात जास्त शिव्या त्यालाच पडतात.

'सिटी ऑफ द लिव्हिंग डेड' (1980), 'द बियॉन्ड' आणि 'हाउस बाय द सिमेटरी' (दोन्ही 1981) हे तिन्ही त्याच क्रमाने बघा. तिन्हींत नायिका कॅट्रिओना मॅकॉल, छायाचित्रण सेर्जिओ साल्वातीचं. पहिल्या दोन्हींत नरकाचं दार कुठेतरी उघडतं, तिसऱ्यात फक्त तळघराचं, आणि पुढे कार्यकारणभाव रजेवर जातो. भिंती रडतात, मेलेला माणूस इथे दिसतो आणि तिथे उगवतो. झोम्बींचे नियम शोधू नका. वाईट स्वप्नाला जेवढे नियम असतात तेवढेच इथे.

पण सगळाच गोंधळ कलात्मक नाही. 'द बियॉन्ड'च्या शेवटी रुग्णालयात झोम्बींची झुंबड आहे, ती जर्मन वितरकाला झोम्बी हवे होते म्हणून घुसवलेली. फुल्चीच्या 'झोम्बी 2' (1979) नंतर तिकडे तोच माल खपत होता. म्हणून तो भाग बाकी चित्रपटापासून सुटा वाटतो. तेवढी दहा मिनिटं सोसा, लगेच पुढे तो करडा, अंतहीन मैदानाचा शेवट येतो. या दशकातला सर्वांत थंडगार शेवट तो.

क्लृप्त्या बघायच्या तर 'सिटी'मधलं आतडी ओकण्याचं दृश्य. आधी नटीच्या तोंडात खरीच मेंढीची आतडी भरली होती. लोट मोठा झाला की तिथे पंप लावलेलं खोटं डोकं आहे. सांधा ओळखायचा तर कपाळाची कातडी बघा, खोट्या डोक्यावर ती हलत नाही. खिडकीतून अळ्यांचं वादळ येतं त्यात सुमारे 10 किलो खऱ्या अळ्या पंख्यांनी नटांवर उडवल्या होत्या. तिथे सांधा शोधू नका, नटांचे चेहरे खरे आहेत.

उलट 'द बियॉन्ड'मधले ग्रंथालयातले कोळी. खरे आणि नकली मिसळलेत आणि नकली चक्क खेळण्यातले वाटतात. दृश्य लांबतं तसं हसू येतं. फुल्चीची खोड हीच, कॅमेरा वेळेवर हटवत नाही. कधी ती जमते, कधी अंगाशी येते.

प्रतीबद्दल: अमेरिकेत 1983 मध्ये 'द बियॉन्ड' 'सेव्हन डोअर्स ऑफ डेथ' म्हणून निघाला. रक्तपात छाटलेला, आणि फाब्यो फ्रिझ्झीचं संगीत काढून दुसरंच लावलेलं. फ्रिझ्झीशिवाय हा चित्रपट म्हणजे फोडणीविना आमटी.

गोळीबार:
'द बियॉन्ड'मधली लिफ्ट. वॉरबेक रिव्हॉल्व्हरमध्ये गोळी पुढून, नळीच्या तोंडातून घालतो. मॅकॉलला हसू आवरत नाहीये ते दिसतं. तसाच शॉट ठेवून दिलाय. शिवाय डोक्यात गोळी घातली की झोम्बी पडतो हे कळल्यावरही पठ्ठ्या छातीत गोळ्या घालत बसतो.

फिरती रिळं:
हा हा. त्याच रुग्णालयात एक पाटी दिसते, इंग्रजीत 'डू नॉट एन्ट्री'. थांबवून बघा.

डबिंगवाला:
'हाउस बाय द सिमेटरी'तला छोटा बॉब राहिला. इंग्रजी प्रतीत त्याला मोठ्या बाईने लाडिक आवाज दिलाय, दर वाक्याला कानशिलं तापतात. या एका चित्रपटापुरतं इटालियन लावा, मुलगा सुसह्य होतो. अमेरिकेतल्या सुरुवातीच्या एका व्हीएचएसवर तर याची रिळंच उलटसुलट क्रमाने आली होती. कथाच नाही असं म्हणणाऱ्या जुन्या काही परीक्षणांकडे त्यामुळे जरा जपून बघा.

मिनिटं मोजणारा:
विकत घेण्याआधी पाठीवरची मिनिटं वाचा. आर्जेन्तोचा 'फेनोमेना' (1985) तीन लांब्यांत मिळतो: 116, 110 आणि सुमारे 83. शेवटचा म्हणजे अमेरिकेत 'क्रीपर्स' नावाने निघालेला. 83 मध्ये जेनिफर कॉनेली, डोनाल्ड प्लेझन्स, किडे, चिंपांझी सगळं आहे, फक्त एकातून दुसरं का होतं ते गायब. 116 घ्यावा, पण त्यातल्या काही भागांचं इंग्रजी डबिंग कधी झालंच नव्हतं. म्हणून इंग्रजी लावलं तरी मधेच पात्रं इटालियन बोलू लागतात. तो डिस्कचा दोष नाही. परत करायला धावू नका.

दुसरी गल्लत पाल (PAL) या युरोपातल्या टीव्ही-पद्धतीची. युरोपातल्या जुन्या टेप आणि डीव्हीडी सेकंदाला 24 ऐवजी 25 चित्रं पळवतात. लांबी सुमारे 4 टक्क्यांनी घटते, आणि आवाज वेगळा सुधारला नसेल तर अर्ध्या सुरापेक्षा थोडा कमी चढतो. 116 चे 111 दिसले म्हणजे कापलं असं नव्हे. आधी 0.96 ने गुणा, मग भांडा.

तिसरं म्हणजे चौकट. 'द बियॉन्ड' आणि 'हाउस' टेक्निस्कोपवर चित्रित झालेत. यात एका चित्राला चारऐवजी दोनच छिद्रांएवढी फिल्म लागते, म्हणून 305 मीटरचं रीळ 11 ऐवजी 22 मिनिटं चालतं. फिल्मचा निम्मा खर्च वाचला आणि रुंद, म्हणजे उंचीच्या 2.35 पट रुंदीची, चौकटही मिळाली. पण अशी चौकट जुन्या टीव्हीच्या 1.33 मध्ये कोंबली की सुमारे 43 टक्के चित्र जातं. फुल्ची दोन पात्रं दोन टोकांना उभी करतो. कापलेल्या प्रतीत मधली रिकामी भिंत उरते. फिल्मचा चित्रभाग लहान असल्याने दाणे मोठे दिसतात, ते असू देत. दाणे पुसून गुळगुळीत केलेल्या प्रतीत चेहरे मेणाचे होतात.

रबर आणि लाळ:
'फेनोमेना'तला माश्यांचा थवा म्हणजे पाण्यात सोडलेला कॉफीचा चोथा. तो चित्रित करून आकाशावर बसवला. लुईजी कोझ्झीची करामत. कळल्यावरही थवाच दिसतो, यापेक्षा जास्त काय सांगू!

आता 'डेमन्स' (1985). निर्माता आर्जेन्तो, दिग्दर्शक लाम्बेर्तो बावा. कथा एका ओळीची: बर्लिनमधल्या चित्रपटगृहात फुकट तिकिटांवर आलेले प्रेक्षक, पडद्यावर जे घडतं तेच खुर्च्यांमध्ये घडू लागतं, दारं विटांनी बुजवलेली. भुयारी रेल्वेच्या स्थानकात धातूचा अर्धा मुखवटा घालून तिकिटं वाटणारा माणूस म्हणजे पुढे दिग्दर्शक झालेला मिकेले सोआवी. रूपांतराची दृश्यं सेर्जिओ स्तिवालेत्तीची. खोट्या हिरड्यांमधून सुळे आतून ढकलत बाहेर येतात आणि माणसाचे दात गळतात. सगळं कॅमेऱ्यासमोर, हाताने. संगणक नाही. एक खटकतं: मधेच गाडीतून भटकणाऱ्या टवाळ पोरांचं उपकथानक येतं आणि बंद चित्रपटगृहाचा ताण सुटतो. तरी मित्रमंडळींत लावायला यापेक्षा बरा नाही. 'डेमन्स 2' (1986) तेच बहुमजली इमारतीत, पण पातळ.

सोआवीचा 'स्टेजफ्राइट' (1987) मात्र चुकवू नका. रंगमंच, घुबडाचं भलंथोरलं डोकं घातलेला खुनी, आणि त्याच्या पायाखालच्या फळ्यांच्या फटीत अडकलेली किल्ली. त्या दहा मिनिटांत संवाद जवळपास नाहीत, गरजही नाही.

आकड्यांचा घोळ:
नावांवर जाऊ नका. अमेरिकी दिग्दर्शक रोमेरोचा 'डॉन ऑफ द डेड' इटलीत 'झोम्बी' नावाने चालला, म्हणून त्याच्याशी संबंध नसलेला फुल्चीचा चित्रपट 'झोम्बी 2' झाला. सॅम रेमीचा 'ईव्हिल डेड' तिकडे 'ला काझा', म्हणजे घर. त्याचे खरे दोन भाग संपल्यावर इटालियन निर्मात्यांनी 'ला काझा 3', '4', '5' परस्पर काढले. एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही. 'डेमन्स 3' शोधाल तर लाम्बेर्तो बावाचा टीव्हीसाठी केलेला 'द ओगर' हाती येईल. तिसरा भाग म्हणून आखलेला चित्रपट सोआवीने 'द चर्च' (1989) म्हणून वेगळाच केला, आणि तो जास्त चांगला आहे.

हौशी प्रेक्षक:
'कॅनिबल होलोकॉस्ट'बद्दल (1980) कुणीच कसं लिहिलं नाही?

रबर आणि लाळ:
कारण शिफारस करवत नाही. त्यात कासव, माकड आणि इतर प्राणी कॅमेऱ्यासमोर खरोखर मारलेत. माणसांचं सगळं खोटं, प्राण्यांचं खरं. खांबावर रोवलेल्या बाईची युक्ती एवढीच: लोखंडी खांबाला सायकलची सीट, तीवर नटी बसलेली, आणि तोंडात धरलेला हलक्या बाल्सा लाकडाचा दांडा. प्रदर्शनानंतर दहा दिवसांत मिलानमध्ये प्रत जप्त झाली. नट जिवंत आहेत हे दाखवायची वेळ दिग्दर्शक देओदातोवर आली. हातात धरलेल्या कॅमेऱ्याची, 'सापडलेल्या फिल्म'ची पुढची सगळी लाट इथून निघाली हे कबूल. पण तेवढ्यासाठी बघायचा असेल तर प्राण्यांची दृश्यं वगळलेली आवृत्ती शोधा. तीत काहीच हरवत नाही.

माळ्यावरची पेटी:
'आपल्याकडे हे कुठे पोचलं' असं वाटत असेल तर माधुरी दीक्षितचा '100 डेज' (1991) आठवा. भिंतीत गाडलेला सांगाडा, खून आधीच दिसणारी नायिका. तो तमिळ 'नूरावदु नाळ'चा (1984) रिमेक, आणि त्या तमिळ चित्रपटाचं मूळ फुल्चीचा 'सेत्ते नोते इन नेरो' (1977). दशक थोडं हुकतं, पण रक्ताच्या चिळकांड्या नको असणाऱ्यांना फुल्ची दाखवायचा तर हाच. इथे त्याचं कथेवर पूर्ण नियंत्रण आहे.

आपल्याशी जुळणारा दुसरा दुवा आर्जेन्तोच्या 'ओपेरा'चा (1987). त्याचा छायाचित्रकार रॉनी टेलर, म्हणजे 'गांधी'साठी बिली विल्यम्सबरोबर ऑस्कर घेतलेला तोच. पार्माच्या नाट्यगृहात प्रेक्षकांच्या डोक्यावरून घिरट्या घालणारी कावळ्यांची नजर त्याने टिपलीय.

मिनिटं मोजणारा:
'ओपेरा' लावताना दोन गोष्टी. काही प्रतींत शेवटचा स्वित्झर्लंडचा भाग छाटलेला आहे. तो विचित्र आहे, कित्येकांना आवडत नाही, पण त्याशिवाय खुनी आणि नायिकेचं नातं अर्धवट राहतं. आणि टीव्हीतली हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. ती चालू राहिली तर दाराच्या भिंगातून येणारी गोळी व्हिडिओ गेमसारखी दिसते. आवाजाला मूळ मोनो असेल तर तोच. पाच स्पीकरवाल्या नव्या मिश्रणांत कधीकधी पावलं आणि मेघगर्जना नव्याने घातलेल्या असतात.

हौशी प्रेक्षक:
त्यातलं डोळ्यांखाली सुया चिकटवलेलं दृश्य किती वेळ आहे? सोबत बघणारी व्यक्ती डोळ्यांच्या बाबतीत हळवी आहे.

माळ्यावरची पेटी:
एकदा नाही, पुन्हा येतं. नायिकेला पापणी लववता येऊ नये म्हणूनच त्या सुया आहेत. लोक अशा वेळी डोळे मिटतात याचा आर्जेन्तोला राग होता, त्यातून ही कल्पना निघाली. सुया डोळ्यात घुसत नाहीत, भीती फक्त घुसतील याची. तरी त्यांच्यासाठी 'स्टेजफ्राइट' लावा.