गणपतीच्या वर्गणीतला हिस्सा अफगाणिस्तानच्या भूकंपग्रस्तांना द्यावा का?

तेरणाकाठ

नमस्कार मंडळी. आमच्या गटात सध्या मोठा वाद चाललाय, म्हणून इथल्या जाणत्यांचं मत हवं आहे.

औसा तालुक्यातल्या एका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा हा गट. काही जण गावातच शेती करतात, बरेचसे पुण्यात, थोडे दुबईत आणि अमेरिकेत. गणपतीत आम्ही वर्गणी काढतो आणि ती मांडवावर न उधळता अडल्यानडल्यांसाठी ठेवतो. यंदा, म्हणजे 2025 ला, ऐन गणपतीत, 31 ऑगस्टच्या मध्यरात्रीच्या सुमारास, अफगाणिस्तानातल्या कुनार प्रांतात 6.0 तीव्रतेचा भूकंप झाला. दोन हजारांवर माणसं गेली. वर्गणीतला चौथा हिस्सा तिकडे द्यायचा असं ठरलं, तेव्हा कुणाचीच हरकत नव्हती. पुढे तीन आठवड्यांत आपल्याकडे आभाळ फाटलं. सीना, मांजरा, तेरणा, सगळ्या नद्या पात्र सोडून शिवारात शिरल्या. आता निम्मा गट म्हणतो, तो ठराव मोडा आणि पै न् पै धाराशिव जिल्ह्यातल्या पूरग्रस्त परांडा-भूमकडे वळवा.

माझं म्हणणं, ठराव मोडू नये.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी, सास्तूर हा सगळा पट्टा जमीनदोस्त झाला, तेव्हा मी शाळकरी पोर होतो. अनंत चतुर्दशीचं विसर्जन उरकून माणसं निजली होती. जगात याहून कितीतरी मोठे भूकंप होतात आणि एवढी माणसं मरत नाहीत. इथे माणसं मेली ती घरांनी. मातीत बसवलेल्या दगडांच्या रुंद भिंती आणि डोक्यावर माळवदाची मणामणाची माती. लातूर आणि धाराशिव मिळून दहा हजारांच्या आसपास बळी गेले. कुनारचे फोटो बघा. तसलीच दगडमातीची घरं, तशीच झोपेची वेळ. हे दुःख आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. किल्लारी नकाशावर कुठे आहे हेही ज्यांना माहीत नव्हतं, त्यांनी तेव्हा आपल्याला औषधं, तंबू, पैसे पाठवले. आज आपली पाळी आली तर आपण हात आखडता घ्यायचा?

पूर खरा आहे. माझं स्वतःचं सोयाबीन पाण्यात गेलंय. तरीही चौथा हिस्सा तिकडचाच.

परांडा रोड

दादा, तुमच्या भावनेला नावं ठेवत नाही. पण घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, असं व्हायलंय हे.

सोयाबीन गेलं म्हणजे एक हंगाम गेला. आमच्याकडं मातीच गेली. सीनाकाठची कित्येक रानं खालच्या मुरमापर्यंत खरडली. दावणीची जनावरं दाव्यालाच बुडाली, कारण रात्रीच्या पाण्यात सोडायला कुणाला जमलंच नाही. ज्याचं घर दोन म्हशींच्या दुधावर चालत होतं त्याला गव्हाचं किट देऊन काय होतं?

सरकारनं 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. खरडलेल्या जमिनीला हेक्टरी 47 हजार रोख आणि रोजगार हमीतून 3 लाखांपर्यंतचं काम. कागदावर चांगलं आहे, ते मिळावंच. पण हमीचं काम निघायला पंचनामा, अंदाजपत्रक, मजुरांचं हजेरीचं मस्टर, सगळं जुळून यावं लागतं, आणि रब्बीची पेरणी कुणासाठी थांबत नाही. आज कुणी ट्रॅक्टरचं भाडं आणि डिझेल दिलं, तर तळ्यातला गाळ आणून चार शेतकऱ्यांची रानं उभी राहतील. नेमकी ही मदत द्यायला कुणी येत नाही.

कुनारला सगळं जग मदत करंल. परांड्याला तुमच्याशिवाय कोण आहे?

तेरणाकाठ

@परांडा रोड, सगळं जग मदत करेल हे यंदा खरं नाही. तालिबान आल्यापासून बहुतेक देश अफगाणिस्तानला हात राखून देतात, आणि याच वर्षी अमेरिकेने परदेशी मदतीला मोठी कात्री लावली. तिथले कितीतरी दवाखाने भूकंपाआधीच पैशांअभावी बंद पडले होते. आपल्याकडे निदान पॅकेजसाठी भांडता येतं, आमदाराला जाब विचारता येतो, मोर्चा काढता येतो. कुनारच्या बाईने कुणाकडे मोर्चा न्यायचा?

गाळाचा मुद्दा मात्र पटला. तीन हिस्से त्यालाच द्यावेत, किट बंद.

काळी आई

मी परांडा रोड यांच्या बाजूने, पण कारण वेगळं आहे.

आधी त्या ऋणाबद्दल. किल्लारीच्या पुनर्वसनाचा मोठा भाग जागतिक बँकेच्या पैशातून झाला, आणि तो पैसा कर्ज म्हणून आला होता. त्याची परतफेड आपल्याच करातून. तेव्हा सगळंच दान होतं असं समजून उपकाराखाली वाकायचं कारण नाही.

दुसरं, लांबून देणाऱ्याला काय लागतं ते दिसत नाही. 1993 ला ट्रकच्या ट्रक जुने कपडे आले, ते रस्त्याच्या कडेला ढीग लागून कुजले. डांबरी रस्त्यावरच्या गावांना तीन-तीनदा मदत आणि आतल्या वाड्यांवर कुणी फिरकलं नाही. पुढे 52 गावं नव्या जागी वसवली. बऱ्याच ठिकाणी शहरासारखे काटकोनातले रस्ते आणि एका साच्यातली सिमेंटची घरं. बैल कुठे बांधायचा, कडबा कुठे रचायचा, भाऊकी शेजारी राहणार की गावाच्या दुसऱ्या टोकाला, हे कुणी विचारलं नाही. शेत पायवाटेवर होतं ते कोसावर गेलं. आजही त्या गावांत जा, घरापुढे पत्र्याची शेडं दिसतील. खरा संसार तिथे चालतो. देणाऱ्यांची मनं स्वच्छ होती, तरी हे झालं. मग औशात बसून कुनारमध्ये काय हवं ते आपल्याला काय कळणार?

धाराशिवची सून

काळी आई, तुम्ही सांगितलेलं सगळं खरं आहे, पण गोष्ट अर्धीच सांगितलीत.

52 गावं हलवली, पण त्याहून कितीतरी जास्त गावांत घरं जागच्या जागी दुरुस्त झाली, आणि तिथे घरमालकाने स्वतः उभं राहून काम करून घेतलं. त्यासाठी गावोगाव बायकांना संवाद सहायक म्हणून नेमलं होतं. माझ्या सासूबाई त्यांतल्याच. अनुदानाचा हप्ता कधी मिळतो, भिंतीत आरपार जाणारा बांधदगड का बसवायचा, सगळीकडून काँक्रीटचा पट्टा का फिरवायचा, हे त्या घरोघर जाऊन सांगायच्या. चौथी शिकलेली बाई गवंड्याला 'हे पुन्हा कर' म्हणायला तिथे शिकली. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग संस्थेने हे काम उभं केलं. 2001 ला कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा आपल्याकडच्या बायका तिकडे गेल्या. सोबत कपडे नेले नाहीत, पैसे त्यांच्याकडे नव्हतेच. 'आमच्याकडे काय चुकलं आणि काय जमलं' एवढं सांगायला गेल्या. आपण बाहेर काही देऊ शकतो का, या प्रश्नाचं उत्तर मराठवाड्यातल्या नऊवारीतल्या बायांनी तेव्हाच देऊन ठेवलंय.

म्हणून माझा पाठिंबा तेरणाकाठ यांना. मात्र पैसे अशाच लोकांना द्यावेत जे भूकंपाआधीही त्या गावांत होते आणि कॅमेरे गेल्यावरही राहतील. किल्लारीनंतर शांतिलाल मुथ्थांच्या भारतीय जैन संघटनेने 1200 मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली, वर्षानुवर्षं सांभाळली. पन्नालाल सुराणा आणि राष्ट्र सेवा दलाच्या मंडळींनी नळदुर्गला 'आपलं घर' काढलं, अनाथ पोरं आपल्याच मुलखात वाढवली. दोन वेगळ्या वाटा, पण दोघांनीही पोरांना अर्ध्यावर सोडलं नाही. मदत करणारा कुठून आला हे मी विचारत नाही. किती दिवस राहिला हे विचारते.

पुरातही हेच बघितलं. एका गाडीतून माणसं उतरली, किटवरचा फोटो दिसेल असं किट धरायला म्हाताऱ्यांना सांगितलं, अर्ध्या तासात परत. त्याच आठवड्यात कॉलेजची पोरं आली, त्यांनी तीन दिवस विहिरीतला गाळ उपसला, पाणी शुद्ध केलं आणि कुणाकडेही चहासुद्धा घेतला नाही, भाकरी बांधून आणली होती. सेवेसाठी येणाऱ्यांनी गावाचा पाहुणचार वाढवू नये, एवढं तरी बघावं. पूरग्रस्त बाईला वीस जणांचा स्वयंपाक करायला लावणारी मदत मला चालत नाही.

हिशेबनीस

भावना राहू द्या, एक अडचण सांगतो. मी लातुरात ट्रस्टची खाती बघतो.

तुमचा गट नोंदणीकृत नाही असं दिसतं. दुबईत किंवा अमेरिकेत राहणारा पण भारतीय पासपोर्ट असलेला माणूस आपल्या कमाईतून बँकेमार्फत पैसे देत असेल, तर ते परदेशी योगदान धरत नाहीत. पण ज्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलंय, त्याच्याकडे ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिकाचं) कार्ड असलं तरी, त्याचा पैसा परदेशीच. तो घ्यायला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर असा पैसा आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. एका संस्थेने तो दुसऱ्या संस्थेला पुढे देणंही बंद झालंय. त्यामुळे अमेरिकन नागरिक झालेल्या तुमच्या वर्गमित्रांची वर्गणी गावच्या खात्यावर घेऊच नका.

पुढे ट्रस्ट नोंदवलात, तरी भारताबाहेर खर्च केलेली रक्कम केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या खास परवानगीशिवाय करमुक्त धरत नाहीत. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर देणाऱ्याला करसवलत सुद्धा नाही.

मार्ग सोपा आहे. परदेशी नागरिकांनी तिकडूनच कुनारसाठी रेडक्रॉससारख्या संस्थेला द्यावं. इथल्यांनी इथे द्यावं. वाद मिटला.

ह्यूस्टनचा लातूरकर

हिशेबनीस काकांनी नियम बरोबर सांगितले. मी स्वतः ओसीआयवाला आहे, मला गावाला पैसे पाठवताना हेच झेंगट दरवेळी आडवं येतं. एक भर घालतो: मुख्यमंत्री सहायता निधीला याच वर्षी एफसीआरएची परवानगी मिळालीय, म्हणजे माझ्यासारख्याला पुरासाठी तिथे थेट देता येतं.

पण वाटणी करून वाद मिटत नाही. माझ्यापुरतं बोलायचं तर मला उलटं करायचंय. मी इथे दर शनिवारी अन्नछत्रात काम करतो, धान्याच्या पेट्या भरतो. इथल्या गरिबांसाठी माझे हात आहेत. लातूरसाठी मी हात देऊ शकत नाही, म्हणून पैसे देतो. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातुरात आली, तेव्हा मी इथे टीव्हीसमोर बसून होतो, आई तिकडे घागर घेऊन रांगेत. तो दिवस विसरता येत नाही. माझी वर्गणी कुनारला आणि गाववाल्याची परांड्याला, हे मला तरी मान्य नाही. मलाही परांड्याला द्यायचंय.

बालाघाट

एवढा वेळ वाचतोय. कुनार, परांडा, ह्यूस्टन, सगळं आलं. ज्यांच्या जिवावर मराठवाड्यातले कारखाने चालतात ते कुणाच्याच यादीत नाहीत.

बीडहून दरसाल लाखो माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. आगाऊ उचल घेतलेली असते, ती फेडेपर्यंत सुटका नाही. बाई आठव्या महिन्यातसुद्धा मोळी उचलते. पोरं शाळा सोडून पाचटाच्या खोपीत. त्यांना तुमचं दान नको आहे. मजुरी नीट द्या, उचलीचा हिशोब लेखी द्या, फडावर संडास आणि पाणी द्या. तुमच्या गटात ऊस असलेले बागायतदार असतीलच. त्यांनी वर्गणी काढण्याआधी आपल्या फडावरच्या टोळीची काय सोय आहे ते बघावं. आपल्या दारातल्या मजुराचं बाकी ठेवून केलेलं दान मला दान वाटत नाही, मग ते कुनारला जावो की काशीला.

श्रमदानाचंही तेच. 2016 ला वॉटर कप, म्हणजे पाणी फाउंडेशनची जलसंधारणाची स्पर्धा, अंबाजोगाईत सुरू झाली, पहिल्याच वर्षी. माणसं तळमळीनं राबली, शहरातून जलमित्र आले, मीही घमेली उचलली आणि त्याचा मला अभिमान आहे. पण काही गावांत पाणी मुरलं तसे बोअर वाढले, ऊस वाढला आणि चार जणांनी ते पाणी ओढून घेतलं. भूमिहीनानं पण चर खोदले होते, त्याच्या वाट्याला काय आलं?

धाराशिवची सून

बालाघाट भाऊ, तुमचं म्हणणं काळजाला लागलं. मजुरी हा हक्क आहे, तिथे वर्गणीचा संबंधच येऊ नये. पण म्हणून दान थांबवायचं का? ऊसतोडीच्या पोरांसाठी बीडमध्ये वसतिगृहं चालतात, ती देणग्यांवरच. कारखान्याशी भांडण पाच वर्षं चालेल, पोरगी तोवर सातवीत नापास होऊन लग्न करून बसेल. दोन्ही एकदम करावं लागतं.

गोदाकाठ नांदेड

आमच्याकडे हजूर साहिब गुरुद्वाऱ्यात रोज लंगर चालतो. पंजाबचे, कॅनडाचे, इंग्लंडचे भाविक येतात, पोळ्या लाटतात, भांडी घासतात. पंगतीत कोण बसलाय, कुठल्या गावचा, कुठल्या जातीचा, कुणी विचारत नाही. तिकडच्या सेवेकऱ्याला नांदेडचा माणूस परका वाटत नाही. शेगावची पालखी परभणी-परळीवरून जाते तेव्हा आपली दुष्काळी गावंही वारकऱ्यांना जेवू घालतात. विहीर आटली म्हणून कुणी पंगत बंद केल्याचं मी तरी ऐकलं नाही. त्यामुळे 'आधी आपलं पुरं होऊ द्या' हा विचार आपल्या मातीतला वाटत नाही.

परांडा रोड

गोदाकाठ, वारकरी दारात येतो. त्याला उपाशी पाठवणं आमच्यानंही व्हायचं नाही. पण हजारो कोसांवर पाठवलेल्या पैशाचं काय झालं ते कोण बघणार? मी परांड्यात दिलेला ट्रॅक्टर चालला का नाही, ते संध्याकाळी जाऊन बघू शकतो. जिथं विचारता येतं तिथं द्यावं, एवढंच माझं म्हणणं.

तेरणाकाठ

@परांडा रोड, विचारता येईल तिथेच द्यावं हे मान्य केलं तर किल्लारीला कुणीच दिलं नसतं.

पण धाराशिवच्या ताईंची अट मी गटात मांडतो: आधीपासून तिथे असलेली आणि पुढेही राहणारी संस्था, आणि वर्षाने हिशोब मागायचा. न दिल्यास पुढे एक रुपया नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांनी आपापलं तिकडून थेट द्यावं, कुठे द्यायचं ते त्यांचं त्यांनी ठरवावं. बालाघाट भाऊंचं म्हणणंही रविवारच्या बैठकीत ठेवणार, आमच्यात चार जणांचा ऊस आहे.

परांडा रोड

ठेवा. मी तुमच्या गटात नाही, पण माझं मत बदललं नाही, चौथा हिस्सासुद्धा इथंच लागत होता. तीन हिस्से येणार असतील तर रोख नको. ट्रॅक्टरवाल्याला परस्पर द्या आणि डिझेल पंपावर भरा. ज्यांची रानं एक हेक्टरच्या आतली आहेत आणि घरात दुसरं कमावतं कुणी नाही, त्यांची नावं मी तलाठ्याच्या पंचनाम्याशी ताडून देतो. रानाला पेरणीजोगा वाफसा यायच्या आत सुरू झालं तर ज्वारी तरी पेरता येईल.