स्टेजवर बोलताना थेरपिस्टने स्वतःचं किती सांगावं?

गोदाकाठ_काउन्सेलर:
नमस्कार मंडळी, मी नाशिकमध्येच काउन्सेलिंग करते, कॉलेज रोडला छोटं क्लिनिक आहे. 10 ऑक्टोबर जवळ आला की मानसिक आरोग्य दिनाची बोलावणी सुरू होतात, ज्येष्ठ नागरिक संघ, महिला मंडळं, कॉलेजं, आता सातपूर-अंबडच्या कंपन्यासुद्धा. यंदा एका आयोजकांनी फोनवर सांगितलं, मॅडम थिअरी नको, तुमचं स्वतःचं काहीतरी सांगा, लोकांना तेच भिडतं.

सांगण्यासारखं आहे माझ्याकडे. काही वर्षांपूर्वी मला पॅनिक अटॅक यायचे. पहिला आला तेव्हा द्वारका चौकात ट्रॅफिकमध्ये गाडीवर होते, छाती आवळली, बोटांना मुंग्या आल्या, आता आपण गेलोच असं वाटलं, गाडी कशीबशी कडेला लावली आणि हेल्मेटसकट फुटपाथवर बसले. थोड्या वेळात उतरलं पण नंतर कितीतरी दिवस तो चौक टाळून लांबून जायचे. उपचार घेतले, बरी झाले.

हे स्टेजवरून सांगू का? समोर माझे सध्याचे क्लायंट असणार, नाशिक केवढंसं, दुसऱ्या रांगेत हमखास कुणीतरी ओळखीचं निघतं. नाही सांगितलं तर लोकांना मोकळं बोला म्हणायचं आणि आपण हातचं राखायचं, हे मनाला पटत नाही. सांगितलं तर पुढच्या सेशनला क्लायंट माझ्याच तब्येतीची काळजी करत बसेल ही धास्ती. तुम्ही काय करता?

नाशिकरोडचा_मानसतज्ज्ञ:
ताई, आधी एक गोष्ट वेगळी काढा. खरं असणं आणि सगळं सांगणं या दोन गोष्टी नाहीत का? कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1957 च्या त्याच्या गाजलेल्या पेपरात थेरपिस्टकडून जे मागितलं त्यात आतून-बाहेरून एक असणं होतंच, पण त्याच पेपरात तो हेही म्हणतो की थेरपिस्टने आपल्या भावना बोलून दाखवत बसायचं नाहीये, स्वतःबद्दल क्लायंटची फसवणूक होऊ नये एवढं पाहायचंय. स्टेजलाही मी हेच लावतो. मी कधीच खचलो नाही असं भासवू नका, बास. द्वारकेचा प्रसंग आज सांगताना तुमचा श्वास नॉर्मल राहत असेल तर सांगा. आवाज भरून येत असेल तर अजून नको, तो आधी तुमच्या स्वतःच्या थेरपिस्टकडे किंवा सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे आपल्या कामावर देखरेख करणाऱ्या अनुभवी थेरपिस्टकडे, न्यायचा विषय आहे. आणि सध्याच्या क्लायंटना भाषणाआधी सेशनमध्ये सांगून ठेवा की मी अमुक ठिकाणी बोलणार आहे, स्वतःबद्दलही थोडं बोलेन, तुम्ही आलात तर मी आपणहून ओळख दाखवणार नाही.

सिडकोवाली:
मी थेरपिस्ट नाही, दुसऱ्या बाजूच्या खुर्चीत बसलेली आहे. स्वतःचं सांगा हो, खुशाल सांगा, पण क्लायंटचं सांगू नका. मी एका व्याख्यानाला गेले होते, तिथे वक्त्यांनी एक केस सांगितली, नाव बदललं होतं, पण गंगापूर रोड, नवरा बँकेत, मुलगा दहावीला, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, एवढं सगळं तसंच ठेवलेलं. माझ्या शेजारच्या बाईने माझ्या कानात नाव घेतलं, आणि ते बरोबर होतं!! त्या दिवशी मी ठरवलं की या व्यक्तीकडे मरेन पण जाणार नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात 23 वं कलम गोपनीयतेचंच आहे ना, मग टाळ्यांसाठी ते बाजूला कसं ठेवता येतं? परवानगी घेतली असं म्हणाल तर, जिची घडी अजून बसायचीये ती बाई आपल्या थेरपिस्टला नाही म्हणू शकते का, याचाही विचार करा.

सातपूर_फर्स्टशिफ्ट:
कामगारांच्या बाजूने लिहितो. आमच्या कॅन्टीनमध्ये असा कार्यक्रम झाला, पहिला अर्धा तास सगळे मोबाईलमध्ये. मग बोलणारे सर म्हणाले की झोप उडाली होती तेव्हा मी स्वतः गोळ्या घेतल्या, डॉक्टरांना विचारून घेतल्या आणि त्यांना विचारूनच बंद केल्या. दोनच वाक्यं, लगेच पुढच्या विषयावर. पण मोबाईल खाली ठेवले गेले राव. आमच्याकडे गोळी म्हणजे वेडाची गोळी, एकदा लागली की सुटत नाही, हेच डोक्यात बसलंय, आणि समोरचा शिकलेला माणूस मी घेतली म्हणतो तेव्हा ते जरा हलतं. म्हणून नाशिकरोडच्या सरांइतकं जपून राहणं मला पटत नाही, थोडा आवाज भरून आला तर आला.

आणि एक, माईकवर कुणी प्रश्न विचारत नाही, सुपरवायझर मागे उभा असतो. आम्ही चहाच्या काउंटरजवळ खोका ठेवला, नाव न लिहिता चिठ्ठी टाका म्हटलं. दारूवर आणि कर्जावरच जास्त चिठ्ठ्या आल्या, एक होती की बायको बोलत नाही, मी काय करू.

नाशिकरोडचा_मानसतज्ज्ञ:
@सातपूर, मान्य. तुमचे सर दोन वाक्यांत थांबले म्हणून ते पोचलं. अर्धा तास तेच चाललं असतं तर ऐकणाऱ्यांनी त्यांनाच धीर दिला असता. आणि ताई, बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या 2015-16 च्या राष्ट्रीय पाहणीत साधारण 10 टक्के प्रौढांना त्या वेळी काही ना काही मानसिक त्रास होता, म्हणजे शंभर खुर्च्यांच्या हॉलमध्ये दहाएक जण सोसत बसलेत असं धरूनच बोला. पॅनिक अटॅक बहुतेकदा दहाएक मिनिटांत टोकाला जाऊन ओसरतो, हे तुमच्या प्रसंगाला जोडून सांगितलंत तर त्यातल्या कुणाला तरी आज रात्रीच कामी येईल. पण पहिल्यांदाच छातीत दुखलं तर आधी ईसीजी, हेही त्याच दमात सांगा. आणि शेवटी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर 14416 फळ्यावर मोठा लिहून ठेवा, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात.

गोदाकाठ_काउन्सेलर:
सगळ्यांचे मनापासून आभार. द्वारकेचं सांगणार, थोडक्यात, ईसीजीच्या मुद्द्यासकट. त्यातून बाहेर कशी आले ते सांगेन, पण त्या काळात घरात काय चाललं होतं ते नाही, त्यात इतर माणसं आहेत आणि ती त्यांचीही गोष्ट आहे. केस एकही नाही, सिडकोताई, अगदी बदलूनसुद्धा नाही. माझ्या क्लायंटपैकी कोण येणार ते या आठवड्यातच विचारून घेते.

@सातपूर दादा, चिठ्ठ्या सगळ्यांसमोर वाचल्या की सरांनी आधी वेगळ्या चाळल्या? अक्षरावरून कुणी ओळखू नये म्हणून विचारतेय.

सातपूर_फर्स्टशिफ्ट:
खोका थेट सरांच्याच हातात दिला, त्यांनी मनात वाचून आपल्या शब्दांत प्रश्न सांगितला. चिठ्ठ्या जाताना ते सोबत घेऊन गेले, ऑफिसात ठेवल्या नाहीत.