इतिहास-साहित्याच्या संशोधनात प्रयोग नसतो, मग चूक पकडतात कशी?

कार्बन_बारा (धागाकर्ता)

मी रसायनशास्त्रात एमएस्सी करतोय आणि माझा रूममेट इतिहासात पीएचडी. आमची यावरून सारखी वादावादी होते म्हणून शेवटी धागा काढतोय. माझं म्हणणं साधं आहे. मी पेपरात लिहिलं की अमुक तापमानाला अमुक कॅटॅलिस्ट टाकला की इतकं प्रॉडक्ट मिळतं, तर जगात कुठल्याही लॅबमधला माणूस तेच करून बघू शकतो आणि नाही मिळालं तर माझा दावा संपला. इतिहासात हे कसं करणार? होऊन गेलेली लढाई परत घडवून बघता येत नाही, मेलेल्या कवीला विचारता येत नाही. मग एखाद्याने चुकीचा निष्कर्ष काढला तर तो चुकीचा आहे हे ठरतं कशावरून, का ज्याचं नाव मोठं त्याचं खरं?

टोमणा मारायचा नाहीये, खरंच समजून घ्यायचंय. पुढच्या सेमिस्टरला दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना मिळून रिसर्च मेथडॉलॉजीचा एकच पेपर आहे आणि तिथे एकमेकांच्या थिसिसवर मत द्यायचंय, तर निदान काय बघायचं ते तरी कळावं.

---

पोथीवाली

प्रश्न आवडला. मी हस्तलिखितांवर काम करते त्यामुळे तिथलंच सांगते.

समजा एका ग्रंथाच्या तीस पोथ्या आहेत आणि मूळ कुठेच नाही. नकल करणारा माणूस थकतो, दोन ओळींच्या शेवटी एकच शब्द असेल तर त्याची नजर पहिल्यावरून उडून दुसऱ्यावर जाते आणि मधली ओळ गळते. आता तीच ओळ नेमकी तशीच आणखी चार पोथ्यांत गळलेली सापडली तर त्या पाच पोथ्या बहुतेक एकाच घराण्यातल्या, म्हणजे कुठल्यातरी एका सदोष प्रतीवरून उतरलेल्या. एका चुकीवर कोणी भिस्त ठेवत नाही, पण अशा शंभर-दोनशे चुका जुळवत गेलं की पोथ्यांचा वंशवृक्ष उभा राहतो, आणि मग कुठला पाठ (म्हणजे त्या जागचा मजकूर) जुना आणि कुठला मागून घुसलेला हे सांगता येतं. चूक हाच आमचा डेटा आहे.

महाभारताची चिकित्सक आवृत्ती बघ. भांडारकर संस्थेत १९१९ ला काम सुरू झालं, १९६६ ला मूळ संहिता पुरी झाली, १,२५९ हस्तलिखितं त्यासाठी तपासली. पण आकड्यापेक्षा मला तिचं पान महत्त्वाचं वाटतं. वर ठरवलेली संहिता आणि खाली बारीक टायपात सगळे पाठभेद, कुठल्या पोथीत काय आहे ते पोथीच्या खुणेसकट. जे श्लोक संपादकांनी मागून घातलेले ठरवले तेही फेकून दिले नाहीत, तारांकित करून तळाला नाहीतर परिशिष्टात छापलेत. आणि जिथे मुख्य संपादक सुकथनकरांना पाठाची पुरेशी खात्री नव्हती तिथे त्या अक्षरांखाली नागमोडी रेघ मारलेली आहे. तू ग्राफवर एरर बार काढतोस ना, ही रेघ तेच काम करते, आणि छापील पानावर आहे. म्हणजे मला त्यांचा निर्णय पटला नाही तर त्यांनीच दिलेल्या पुराव्यातून मी तो खोडू शकते, त्यांच्या परवानगीची गरज नाही. नावाच्या वजनावर चालत असतं तर एवढा खटाटोप कशाला केला असता कोणी.

---

मंदगती_इलेक्ट्रॉन

पोथीवालींशी सहमत. भौतिकशास्त्राच्या बाजूने थोडं.

धागाकर्ते, तुम्ही विज्ञान म्हणजे लॅब असं धरून चाललाय. पण खगोलशास्त्रात, भूगर्भशास्त्रात, उत्क्रांतीत कुठे प्रयोग परत करता येतो? फेब्रुवारी १९८७ मध्ये शेजारच्या दीर्घिकेत एक तारा फुटला, त्याचे न्यूट्रिनो (अतिसूक्ष्म कण) जमिनीखालच्या तीन डिटेक्टरांत मिळून साधारण पंचवीस सापडले, प्रकाश दिसायच्या काही तास आधी. तो तारा परत फुटणार नाही. तरी ते विज्ञानच आहे कारण एकमेकांशी संबंध नसलेल्या यंत्रांनी एकाच वेळी एकच गोष्ट सांगितली. इतिहासकार दोन वेगळ्या बाजूंच्या कागदपत्रांत एकच तारीख शोधतो तेव्हा तो याहून वेगळं काय करतो?

आणि लॅबमध्ये परत करता येतं म्हणून लोक परत करतातच असं नाही, हे फार लोकांना माहीत नसतं. २०१५ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा प्रकल्प छापून आला, मानसशास्त्रातले १०० प्रसिद्ध झालेले अभ्यास परत करून बघितले. मूळ पेपरांपैकी ९७ टक्क्यांत निकाल सांख्यिकीदृष्ट्या ठळक होता, परत केल्यावर तो फक्त ३६ टक्क्यांत आला. म्हणजे परत करता येणं हा नुसता हक्क आहे, कोणीतरी तो बजावायला लागतो, आणि बजावणाऱ्याला ना ग्रँट मिळते ना बढती. याचा मला मनापासून राग येतो.

उलट चांगलं उदाहरण पण देतो. २०११ ला ऑपेरा प्रयोगात न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद लवकर पोचल्यासारखे दिसले, जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेपासून इटलीतल्या ग्रान सास्सोपर्यंत, साधारण ७३० किमी. त्यांनी स्वतःच सगळं उघड्यावर ठेवून जगाला सांगितलं की आम्हाला कारण सापडत नाहीये, तुम्ही बघा. काही महिन्यांत कळलं की एक फायबर ऑप्टिक केबल नीट बसलेली नव्हती, आणि तिथल्याच दुसऱ्या एका टीमच्या मोजणीत वेग प्रकाशाइतकाच आला.

---

सडेतोड_सदू

वरचं सगळं मान्य, पण एक आक्षेप आहेच. केबल सापडली आणि विषय मिटला. इतिहासात एखादं साम्राज्य का कोसळलं यावर पिढ्यानपिढ्या वाद चालतो आणि मिटत नाही, प्रत्येक नवा प्राध्यापक नवं पुस्तक लिहितो. याला तपासणी म्हणायची का?

---

शिलालेख

सदू, तुमचा आक्षेप अर्धा बरोबर आहे. दोन थर वेगळे करायला लागतील.

एक थर म्हणजे काय झालं, कधी झालं, कागद खरा का खोटा. इथे गोष्टी मिटतात, आणि कायमच्या मिटतात. कॉन्स्टंटाइन बादशहाने पश्चिमेचं राज्य पोपला दिल्याचं एक दानपत्र शेकडो वर्षं दाखवलं जात होतं. १४४० मध्ये लोरेंझो वाल्ला या इटालियन विद्वानाने दाखवलं की त्यातली लॅटिन चौथ्या शतकातली असूच शकत नाही, ती नंतरची आहे. आज एकही गंभीर अभ्यासक ते पत्र खरं मानत नाही. त्याच्यासमोर पिल्टडाउनचा माणूस ठेवा. १९१२ ला मानवाचा पूर्वज म्हणून जाहीर झाला, आणि माणसाच्या कवटीला ओरांगउटानचा जबडा जोडून दात कानशीने घासलेत हे १९५३ ला उघड झालं. ४१ वर्षं गेली, तेही विज्ञानात, आणि त्याचं एक कारण म्हणजे मूळ हाडं कुलपात होती, बहुतेकांना अभ्यासाला साचेच मिळायचे. मूळ वस्तू बघायला मिळत नसेल तर लॅब असून उपयोग नाही.

दुसरा थर म्हणजे का झालं आणि त्याचा अर्थ काय. तिथे वाद चालतो हे खरं, पण तिथेही कुठलंही मत चालत नाही, पहिल्या थराच्या विरोधात जाणारं स्पष्टीकरण बाद होतंच. उरलेल्या दोन-तीन स्पष्टीकरणांत कुठलं किती वजनाचं यावर भांडण असतं, आणि ते असावं.

आणि भाकीत तपासण्याबद्दल म्हणाल तर मला सगळ्यात आवडणारा किस्सा लिनियर बी या ग्रीस-क्रीटमधल्या प्राचीन लिपीचा. अ‍ॅलिस कोबर या अमेरिकन अभ्यासिकेने वर्षानुवर्षं हाताने कापलेल्या कार्डांवर चिन्हं कुठे, कशाशेजारी येतात याच्या नोंदी केल्या, कागदाची टंचाई होती म्हणून सिगरेटच्या खोक्यांत ती कार्डं ठेवायची. ती १९५० ला गेली. तिने दाखवलं होतं की शब्दांचे शेवट ठरावीक पद्धतीने बदलतात, म्हणजे ही विभक्ती असलेली भाषा आहे. त्यावर पुढे जाऊन मायकेल व्हेंट्रिसने १९५२ ला लिपी वाचली, भाषा ग्रीक निघाली. बऱ्याच लोकांना पटलं नाही. मग ग्रीसमधल्या पिलॉसच्या उत्खननातली एक मातीची पाटी साफ झाली, व्हेंट्रिसने ती पाहिलेली नव्हती. उत्खनन करणाऱ्या ब्लेगेनने व्हेंट्रिसची अक्षरमूल्यं लावून बघितली तर 'ति-रि-पो-दे' वाचलं गेलं, आणि शेजारी चित्र तीन पायांच्या भांड्याचं. पुढे 'चार कानांचं' असं वाचलं तिथे चित्रात चार कान, 'तीन कानांचं' तिथे तीन, 'बिनकानी' तिथे एकही नाही. याहून कडक परीक्षा कुठल्या लॅबमध्ये होते सांगा.

---

कार्बन_बारा

पाटीचा किस्सा रूममेटला वाचून दाखवला, त्याला माहीत होता, मला का नाही सांगितलास म्हणून आता वेगळं भांडण सुरू झालंय. सगळ्यांचे आभार. नागमोडी रेघेचं पान लायब्ररीत जाऊन बघणार आहे.

आता प्रॅक्टिकल प्रश्न. माझ्या हातात त्याच्या विभागातल्या कोणाचा तरी थिसिस आला तर मला विषयातलं ओ की ठो कळत नसताना मी नक्की काय तपासू?

---

पोथीवाली

तळटीपा. थिसिसमधली जी दोन-तीन विधानं सगळ्यात मोठी आहेत, ज्यांच्यावर बाकीचं उभं आहे, त्यांच्याच तळटीपा निवड आणि मूळ कागद, नाहीतर त्याची स्कॅन, उघडून बघ. दिलेल्या पानावर ते आहे का, आणि असेल तर उद्धृत केलेल्या वाक्याच्या आधीचा आणि नंतरचा परिच्छेद वाच, कारण बहुतेक घोटाळे खोटं लिहून होत नाहीत, अर्धं वाक्य उचलून होतात. मग बघ की तो पुरावा त्या घटनेच्या वेळचा आहे का पन्नास वर्षांनी कोणीतरी आठवून लिहिलेला, आणि लिहिणाऱ्याला त्यातून काय मिळणार होतं. दोन साधनं एकमेकांना दुजोरा देतायत असं लिहिलं असेल तर दुसऱ्याने पहिल्यावरूनच उतरवलं नाही ना हे विचार, हा प्रश्न विचारायला इतिहास यायची गरज नाही.

---

मंदगती_इलेक्ट्रॉन

आणि तुझ्या रूममेटने तुझ्या बाजूचं काय बघावं ते मी सांगतो. नमुना किती, कंट्रोल (तुलनेसाठी ठेवलेला) काय होता, कच्चा डेटा मागितला तर मिळतो का, आणि काय मोजणार हे प्रयोगाआधी कुठे लिहून ठेवलं होतं का निकाल बघून मग ठरवलं. वीस गोष्टी मोजून एक जुळली तेवढीच छापली असेल तर पेपरात ती एकटीच दिसते, बाकीच्या एकोणीस विचारल्याशिवाय कळत नाहीत.

एक गोष्ट मात्र दोघांनी दोन्हीकडे शोधा: स्वतःच्या विरोधात जाणारा पुरावा लेखकाने कुठे मांडलाय का. डार्विनने लिहून ठेवलंय की आपल्या निष्कर्षाविरुद्ध जाणारी गोष्ट दिसली की तो ती लगेच टिपून ठेवायचा, कारण अशा गोष्टी सोयीच्या गोष्टींपेक्षा लवकर विसरल्या जातात. दोनशे पानांच्या थिसिसमध्ये असं एकही पान सापडलं नाही तर व्हायव्हाला तोच पहिला प्रश्न विचारा.