दत्तक, लेपालक, पोसकें: 'दत्तकपणाचा आत्मा' म्हणजे नक्की काय?

ओसरी:
गेल्या रविवारी नगरला मैत्रिणीकडे गेले होते. तिने आणि तिच्या नवऱ्याने दहा महिन्यांची मुलगी दत्तक घेतली, त्यानिमित्त घरी प्रार्थना होती. पाळकांनी बायबलच्या नव्या करारातल्या रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय वाचला. त्यात 'दासपणाचा आत्मा नाही, दत्तकपणाचा आत्मा' अशा अर्थाचे शब्द आले आणि मी तिथेच अडकले. माझ्या कानाला दत्तक म्हटलं की झाशी, डलहौसी, खालसा आणि भाऊबंदांचे दावे. देवाच्या तोंडी हा शब्द कसा? त्यात जेवताना तिच्या सासरकडच्या एक आजी म्हणाल्या, "पोटचा मुलगा असताना दत्तक कशाला घ्यायचा?" मैत्रिणीला सात वर्षांचा मुलगा आहे.

तर, हा शब्द केवळ भाषांतराची गरज म्हणून आला आहे, की खरंच बसतो? मला तिच्यासाठी एक भेटकार्ड लिहायचं आहे.

शाईची दौत:
मूळ ग्रीक शब्द 'हुइओथेसिया'. हुइओस म्हणजे मुलगा, थेसिस म्हणजे ठेवणं, बसवणं. मुलाच्या जागी बसवणं. नव्या करारात तो पाचच वेळा येतो आणि पाचही वेळा पौल या पहिल्या शतकातल्या ख्रिस्ती प्रचारकाच्या नावच्या पत्रांत: रोमकरांस तीनदा, गलतीकरांस आणि इफिसकरांस एकेकदा.

भाषांतरांची गंमत अशी की प्रत्येक भाषा वेगळ्या माणसाच्या बाजूने बघते. इंग्रजीतलं अ‍ॅडॉप्शन लॅटिनमधून आलं, त्यात 'निवडणं' आहे. हिंदी बायबलात 'लेपालकपन' आहे: घेतलं आणि पाळलं. आपला दत्तक मात्र 'दा' धातूचा, म्हणजे 'दिलेला'. सगळा भार देणाऱ्यावर. पौलाच्या वाक्यात देणारा शोधायला गेलात तर कुणी सापडत नाही. तिथे आधीची अवस्था दासाची आहे, दुसऱ्या घरच्या मुलाची नाही. म्हणजे व्युत्पत्तीने पाहिलं तर आपला शब्द थोडा बाजूलाच पडतो.

गोत्रज:
व्युत्पत्तीवर इतकं जाऊ नये. दत्तक म्हणताना 'दिलेला' कुणाला आठवतं? आठवतो तो वारसा. मनुस्मृतीत (तिथे शब्द 'दत्त्रिम' आहे) स्पष्ट म्हटलंय की दत्तक गेलेल्याला जन्मदात्याचं गोत्र आणि धन मिळत नाही. जुनं तुटतं, नवं पूर्ण लागतं. कवळाण्याचा गोपाळ १८७५ मध्ये बडोद्याला दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. कागलचे यशवंतराव १८८४ मध्ये कोल्हापूरला गेले आणि शाहू झाले. नावासकट माणूस बदलला. पौलाला हेच म्हणायचंय ना? त्याच अध्यायात पुढे 'वारीस' येतंच.

पण ओसरीताईंनी सांगितलेल्या आजी शास्त्राला धरून बोलल्या! अत्रींचं वचन आहे, 'अपुत्रेणैव कर्तव्यः पुत्रप्रतिनिधिः सदा'. ज्याला मुलगा नाही त्यानेच दत्तक घ्यावा, आणि कारणही दिलंय, पिंड आणि पाणी. म्हणजे गरज बापाची. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यातही मुलगा असताना दुसरा मुलगा दत्तक घेता येत नाही (मुलगी घेता येते, मुलगी नसेल तर). आणि वसिष्ठ धर्मसूत्र सांगतं की एकुलता एक मुलगा दत्तक देऊ नये, घेऊही नये.

आता ख्रिस्ती बाजू बघा. 'देवाने जगावर एवढी प्रीती केली की त्याने आपला एकुलता एक पुत्र दिला' हे वाक्य ख्रिस्ती नसलेल्यांनाही पाठ असतं. तो पुत्र दत्तक दिला नव्हता, हे मान्य. पण ज्याच्या घरात पुत्र आहे तोच दत्तक घेतो, आणि एकुलता एक असलेलाच देऊन टाकतो. आपल्या धर्मशास्त्राचे दोन्ही नियम एकदम मोडले. या घरात बापाची अडचण नाहीच, पिंडाची वाट कुणी पाहत नाही. म्हणून मला हा शब्द बसतो असं वाटतं. मराठी वाचकाला तो जिथे टोचतो, तिथेच पौलाचं म्हणणं आहे.

शाईची दौत:
हे पटलं. रोमचंही थोडं जोडतो. तिथेही दत्तक बहुधा मोठा पुरुष असे, आणि तोही घराण्याला वारस हवा म्हणून. बारा कोष्टकांच्या, म्हणजे रोमच्या जुन्या लेखी कायद्याप्रमाणे बापाने मुलाला तीनदा विकलं की बापाचा हक्क सुटे, आणि दत्तकविधीत ही विक्री लुटूपुटूची करत. पौलाने रोमकरांना लिहिलं ते साधारण इ. स. ५७ च्या सुमारास. तेव्हा रोमच्या गादीवर सम्राट नीरो होता आणि तो स्वतः दत्तक! आधीचा सम्राट क्लॉडियस याने त्याला ५० साली घेतलं, क्लॉडियसला पोटचा मुलगा असताना. तेव्हा रोममधल्या वाचकाला हा शब्द ऐकून अनाथाश्रम आठवत नसणार, सिंहासन आठवत असणार.

वसईकर:
आमच्याकडे चर्चमध्ये हा उतारा अनेकदा ऐकलाय, पण खरा अर्थ मला गोव्यात कळला. आजोळ तिकडचं. गोव्याच्या जुन्या कॅथलिक घरांत 'पोसको' किंवा 'पोसकें' असे. पोसणे या क्रियापदावरून, म्हणजे पोसलेलं मूल. लहानपणी घरी आणायचं, बाप्तिस्मा द्यायचा, जेवूखाऊ घालायचं, आणि बहुतेक वेळा मोलकरणीचं, गड्याचं काम बिनपगारी करून घ्यायचं. लोक म्हणत, 'घरच्यासारखीच आहे.' त्या 'सारखी'त सगळं आलं. वाटणीच्या वेळी तिचं नाव नसे.

आता रोमकरांसचं वाक्य परत वाचा: दासपणाचा आत्मा नाही, दत्तकपणाचा. पोसकें या दोहोंच्या मधोमध उभं आहे. दोन्ही वेळचं जेवण मिळतं, मुलीची जागा मिळत नाही. म्हणून त्या ओळीत 'पोसलेले' किंवा 'पाळलेले' चाललं नसतं. कोर्टकचेरीचा वास असलेला दत्तकच हवा. पुढच्याच ओळींत 'ख्रिस्ताबरोबर सोबतीचे वारीस' आहे. सोबतीचे! पोटच्या मुलाच्या शेजारी बसून.

गोत्रज:
पोसकें माहीत नव्हतं. जबरदस्त.

अर्धवट:
कायद्याची एक विसंगती. ज्यांच्या ग्रंथात हा शब्द आहे त्या ख्रिस्ती लोकांना भारतात मूल दत्तक घ्यायला कायदाच नव्हता. १९५६ चा कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांच्यापुरता. बाकीच्यांना १८९० चा पालक-पाल्य कायदा, म्हणजे तुम्ही पालक, आईबाप नव्हे. मूल सज्ञान झालं की नातं कागदावर संपलं, वारसा आपोआप नाही. बालन्याय कायदा २००० मध्ये आला, २००६ च्या दुरुस्तीने वाट स्पष्ट झाली, आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कुठल्याही धर्माच्या माणसाला त्याखाली दत्तक घेता येतं असं सांगितलं. तोवर कितीतरी घरांत मनाने दत्तक आणि कागदावर पाल्य.

अवांतर: हल्ली झाड दत्तक, गाव दत्तक, प्राणिसंग्रहालयातला बिबट्या दत्तक. शब्द पार पातळ करून टाकलाय.

ओसरी:
सगळ्यांचे आभार. मूळ शब्दात 'मुलगा' असताना मराठीत 'दत्तकपणा' आला, तो मुलीलाही चालतो, हे मला फार आवडलं. 'पुत्रत्व' असतं तर कार्डावर लिहिता आलं नसतं.

मैत्रिणीला फोन करून विचारलं. ती म्हणाली, घरात आम्ही दत्तक म्हणत नाही, 'ती आली तो दिवस' म्हणतो. पण वचनात आहे तसं राहू दे, पाळकांनी वाचलं तेव्हा आजी गप्प बसल्या होत्या. म्हणून कार्डावर वर 'ती आली', खाली 'सोबतीचे वारीस'. दोन्ही मुलांची नावं एकाच ओळीत लिहिणार आहे, थोरल्याचं आधी.