मदत हवी आहे: दुपारी क्लॅरिफायरमध्ये गाळाच्या भाकऱ्या तरंगतात

नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यात कृष्णाकाठच्या एका नगरपालिकेचा दोन एमएलडीचा (दिवसाला वीस लाख लिटरचा) सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प आहे. तिथे ठेकेदाराकडून ऑपरेटर म्हणून लागून मला सात महिने झाले. आयटीआय इलेक्ट्रिशियन आहे, त्यामुळे मोटारी, पॅनेल, ब्लोअर जमतात. जंतूंचं शास्त्र मात्र कुणी शिकवलेलं नाही.

सकाळी सगळं झकास असतं. बाराच्या पुढे ऊन तापलं की क्लॅरिफायरमध्ये, म्हणजे गाळ खाली बसवायच्या टाकीत, बारीक बुडबुडे सुटतात आणि मागोमाग तपकिरी गाळ भाकरीएवढ्या तुकड्यांनी वर येतो. वाऱ्याने कडेला सरकतो आणि विअरवरून (साफ पाणी जिथून ओसंडून बाहेर पडतं त्या कडेवरून) थेट बाहेर. मी बांबूला जाळी बांधून काढत बसतो, पण एकट्याच्याने किती होणार?

आमचं पाणी ओढ्यातून कृष्णेत जातं. एप्रिलमध्ये त्या ओढ्याला आमच्याशिवाय दुसरं पाणीच नसतं, आणि थोडं खाली एका गावाची जॅकवेल (पिण्याचं पाणी उपसायची विहीर) आहे. त्यामुळे झोप लागत नाही राव.

आकडे असे: सिलिंडरमध्ये एरेशन टाकीतलं (हवा सोडून जंतू वाढवतो त्या टाकीतलं) एक लिटर पाणी अर्धा तास ठेवलं की गाळ ३२० मिलिवर बसतो, वरचं पाणी नितळ. एमएलएसएस, म्हणजे टाकीतल्या पाण्यात गाळ किती ते, लिटरला ४८०० मिलिग्रॅम. टाकीत ऑक्सिजन लिटरला ३.५ मिलिग्रॅम. सुपरवायझर म्हणतो, 'गाळ बसत नाही, पॉलिमर टाक.' (म्हणजे गाळाचे गोळे बांधून तो बसवणारं रसायन.) अहो, बसतोय की! वाळवणीचे बेड भरलेत म्हणून महिनाभर जास्तीचा गाळ बाहेर काढलेला नाही. त्याचा काही संबंध असेल का?

प्रतिसाद १

संबंध त्याचाच आहे, भावा. मी सांगलीचा, याच कामात केस पांढरे झाले. पॉलिमरला हात लावू नकोस.

३२० ला ४.८ ने (लिटरमधल्या गाळाच्या ग्रॅमने) भाग, ६७ येतात, म्हणजे एक ग्रॅम गाळ बसून ६७ मिलि जागा घेतो. म्हणजे बसण्याची तक्रारच नाही. तोच सिलिंडर अर्ध्या तासावर न थांबता दोन तास तसाच ठेव. गाळ उचलून वर आला तर काडीने हळूच ढवळ. बुडबुडे निघून परत खाली गेला, की समज नायट्रोजन वायूचं काम आहे.

होतं असं की गाळ जुना झाला, ऊन वाढलं, हवा भरपूर, की टाकीतले जंतू अमोनियाचं नायट्रेट करून ठेवतात. क्लॅरिफायरच्या तळाशी गाळ पडून राहिला की ऑक्सिजन संपतो. मग दुसरे जंतू नायट्रेटमधला ऑक्सिजन ओढून घेतात आणि नायट्रोजन सोडतात. तोच गाळाला फुग्यासारखा वर आणतो.

उपाय: रिटर्न स्लजचा (तळाचा गाळ परत एरेशन टाकीत नेणारा) पंप वाढव, गाळाला तळाशी मुक्काम करू देऊ नकोस. तळाचा गाळ ओढणारा स्क्रेपर नीट फिरतोय का बघ. आणि बेड रिकामे करून गाळ रोज थोडा थोडा काढ. एकदम उपसलास तर टाकीत जंतूच कमी पडतील. सगळे जंतू गेले तर सांडपाणी साफ करणार कोण?

प्रतिसाद २

खाली जॅकवेल आहे म्हणून दोन गोष्टी सांगतो. विअरवरून जाणारा गाळ म्हणजे जिवंत जंतूंचा गोळाच. ओढ्यात गेला की तिथला विरघळलेला ऑक्सिजन खातो, आणि उन्हाळ्यात कोमट पाण्यात मुळातच तो कमी असतो. मासे आधी तडफडतात. दुसरं, क्लोरीन गाळाच्या तुकड्याच्या आत शिरत नाही. तुमचा डोस बरोबर असला तरी आतले जंतू सुखरूप नदीत पोचतात. सांगलीचं सांडपाणी कृष्णेत नेणाऱ्या शेरी नाल्याने आम्हा सांगलीकरांना काय दाखवलंय ते वेगळं सांगायला नको.

२०१७ च्या केंद्राच्या अधिसूचनेत महानगरं आणि बहुतेक राज्यांच्या राजधान्या सोडून इतरत्र बीओडी (पाण्यातली घाण कुजवायला जंतूंना लागणारा ऑक्सिजन) लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत हवा. पण प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्रकल्पाला दिलेल्या संमतीपत्रात याहून कडक आकडा असू शकतो. ते वाचलंय का? नसेल तर ऑफिसातून झेरॉक्स मागून घ्या.

धागाकर्ता

दादा, सिलिंडर दोन तास ठेवला. एक वाजून चाळीसला सगळा गाळ टोपी घातल्यासारखा वर! काडी फिरवली, सोड्यासारखे बुडबुडे निघाले आणि पाच मिनिटांत परत तळाला. सुपरवायझरला व्हिडिओ पाठवला, अजून निळी टिक नाही.

रिटर्न पंप वाढवलाय. दोन बेड वाळलेत, उद्या ट्रॉली येतेय. संमतीपत्र मागितलं तर क्लार्क विचारतो, 'तुला कशाला पाहिजे?'